सुनीतीताईंच्या आजाराचं वेळापत्रक

श्यामराव मेहेंदळे आयुष्यात फक्त दोनदा सरकारी कचेरीची पायरी चढले होते. एकदा लग्नाची नोंद करायला आणि दुसऱ्यांदा ती नोंद दुरुस्त करायला, कारण पहिल्या कागदानुसार त्यांचं लग्न चंद्रकांत देव या साक्षीदाराशी झालं होतं. दुरुस्तीला अकरा महिने लागले. तेवढे महिने देवांनी त्यांना रस्त्यात ओळख दाखवली नाही, आणि श्यामरावांनी त्यानंतर सरकारशी वीजबिलापलीकडे संबंध ठेवला नाही.

असा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण होऊन अर्ज करायला निघाला, याचं बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीला फार आश्चर्य वाटलं. त्याला कारण होत्या सुनीतीताई.

सुनीतीताईंना चक्कर यायची. उन्हात येते तसली साधी नव्हे. डाव्या कानाच्या आत काहीतरी बिनसलेलं होतं, आणि ते काय हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं तरी कुणाला समजलं नव्हतं. चक्कर आली की घर गरगरा फिरायचं, दोन दिवस डोकं उशीवरून उचलता यायचं नाही, घोटभर पाणी पोटात ठरायचं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बाई अशा उठायच्या की मंडईत जाऊन कोथिंबिरीच्या एका जुडीवरून चार गाळे हलवून सोडायच्या. कधी महिन्यातून दोनदा व्हायचं, कधी दोन-दोन महिने नाव नाही.

श्यामराव लक्ष्मी रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात कामाला. "आता स्पष्ट दिसतंय? की आता?" हा प्रश्न त्यांनी तीस वर्षांत निम्म्या पुण्याला विचारला होता. दुकानाचे जुने मालक गेले आणि त्यांचा मुलगा पियुष गल्ल्यावर बसला, तेव्हापासून गैरहजेरीचा पगार कापला जाऊ लागला. पियुष वाईट मुलगा नव्हता. तो म्हणाला, "काका, लीव्हला माझी ना नाहीच. फक्त प्लॅनिंग हवं. काकूंना कधी बरं नसणारे ते महिन्याच्या सुरुवातीला ग्रुपवर टाकत जा ना."

सुनीतीताईंनी यावर स्वतःचा तोडगा काढला. त्या आजार लपवू लागल्या. श्यामरावांना याचा पत्ताही नव्हता. मार्चमधल्या एका सकाळी ते डबा विसरले म्हणून फाटकापासून परत आले, तर दहा मिनिटांपूर्वी हसतमुखाने टाटा केलेली बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. ओट्याखालच्या कपाटाची मूठ तिने दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. मूठ ढिली झालीय का ते बघतेय."

"डोळे मिटून?"

"तुम्ही डबा विसरलात. घ्या आणि जा. नऊ चाळीसची बस जाईल."

ते गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत थोडं थोडं करून त्यांनी काढून घेतलं की असं हे चौथ्यांदा होत होतं. चारही वेळा बाई दिवसभर भिंतीला धरून बाथरूमपर्यंत गेल्या, आणि संध्याकाळी ते घरी यायच्या आत तोंड धुऊन, पावडर लावून बसल्या. श्यामरावांना राग आला आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. आपण दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत होतो आणि घरातलं आपल्याला काहीच दिसत नव्हतं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

त्याच आठवड्यात त्यांना पेपरात ती योजना दिसली. 'अल्पकालीन व प्रासंगिक रुग्ण शुश्रूषा साहाय्य योजना.' घरातलं माणूस अधूनमधून आजारी पडतं म्हणून ज्याला काम सोडून घरी बसावं लागतं, त्याच्या बुडालेल्या पगाराची भरपाई सरकार करणार होतं. श्यामरावांनी बातमी कापून फ्रिजवर चिकटवली.

"आता तुला लपवायची गरज नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मी सरकारदरबारी आजारी?" सुनीतीताईंनी विचारलं.

"कायमची नाही. अधूनमधून."

"तिथल्या भिंतीवर यादी लावणार असतील तर मी कायमची बरी आहे."

यादी लागत नाही अशी दोन वेळा शपथ घेतल्यावर त्या तयार झाल्या.

अर्ज एकोणीस पानांचा होता. पहिली तेरा कलमं श्यामरावांनी रविवारी दुपारी झोप मोडून भरली. चौदाव्याला पेन अडलं. कलम असं होतं: 'आगामी बारा महिन्यांत रुग्णास उद्भवणाऱ्या आजाराच्या प्रसंगांचे दिनांक नमूद करावेत.'

अडचणीच्या वेळी सल्ला घ्यायला त्यांना लांब जावं लागत नसे. तळमजल्यावर दत्तोबा होते. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती ती एकेकाळी दत्तोबांची होती. त्यामुळे सगळे रहिवासी आपल्या शेतात राहायला आलेत, असंच ते आजही मनोमन धरून चालत. लिफ्टपाशी भेटले की "हितं आमची हीर हुती" असं सांगून समोरच्याला लिफ्टमध्ये चढावं की नाही या विचारात पाडत.

"तारीख दिल्याबिगर सरकार हलत न्हाई," दत्तोबा अर्ज लांब धरून म्हणाले. "माजी जमीन घेतली तवा मला इचारलं, विहीर कधी खांदली? म्या म्हणलं, आज्याला इचारा. तर म्हणले, आज्याचा दाखला आना. तवापास्नं मी कुठंबी तारीख ठोकून देतो. कोन बघतंय!"

"पण चक्कर काय सांगून येते?"

"न्हाई येत. म्हनून तर तुमी सांगायची."

श्यामरावांना ही कल्पना पटली नव्हती, पण चौदावं कलम रिकामं ठेवलं तर पंधरावं भरू नये अशी तळटीप होती. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि सुनीतीताईंना समोर बसवलं.

"मे महिन्यात कधी आजारी पडशील?"

"मेमध्ये कैऱ्या येतात. लोणचं कोण घालणार?"

"जून?"

"वटपौर्णिमा आहे. तुमच्यासाठीच उपास करते, त्या दिवशी मी झोपून राहू?"

श्रावणातले मंगळवार, शुक्रवार आणि सोमवार त्यांनी एका दमात उडवले. सप्टेंबरात गणपतीची तयारी असल्याने आजारी पडायला साफ नकार दिला. दिवाळीला "जीभ झडो तुमची" म्हणाल्या. शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारवर तडजोड झाली, कारण बुधवारी त्यांना उपास नसतो, भिशी नसते आणि भजनाचा वर्गही नसतो. सप्टेंबर मात्र वगळला. श्यामरावांनी अकरा बुधवार सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खाली सही केली.

कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी अर्ज पहिल्यांदा परत केला तो फोटोवरून. अर्जदार रुग्णाची काळजी घेत असल्याचा फोटो हवा होता. तो दत्तोबांनी काढला होता. फोटो निघणार म्हटल्यावर सुनीतीताईंनी नारायणपेठी नेसली, अंबाड्यावर गजरा माळला आणि खुर्चीत ताठ बसल्या. शेजारी हातात पाण्याचा पेला घेऊन श्यामराव घामाघूम होऊन उभे.

बाईंनी फोटो निरखला. "यात पेशंट तुम्ही ना?"

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो नात्याच्या पुराव्यावरून. घाईत जुन्या विवाह नोंदीची प्रत जोडली गेली होती. "चंद्रकांत देव सध्या कुठे असतात?" असं बाईंनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. श्यामरावांनी खुलासा केला. बाई म्हणाल्या, "आम्हाला काय, कुणीही चालतं. कागद जुळले पाहिजेत." रांगेतला एक तरुण त्यांच्याकडे बघून आदराने बाजूला सरला. हे सगळं त्यांनी घरी सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला अर्ज दाखल झाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. 'आपण कळविल्यानुसार येत्या बुधवारी आपल्या पत्नीस आजाराचा प्रसंग उद्भवणार आहे. सदर प्रसंगाची पडताळणी करण्यासाठी निरीक्षक सकाळी अकरा वाजता येतील. प्रसंग सुरू ठेवावा.'

श्यामरावांनी पत्र तीनदा वाचलं.

"प्रसंग सुरू ठेवावा म्हणजे?" सुनीतीताई म्हणाल्या. "मला कसं ठणठणीत वाटतंय आज."

"आज वाटू दे. बुधवारचं बघ."

बुधवारीही त्यांना ठणठणीतच वाटत होतं. इतकं की सकाळी सातला त्यांनी पंखे पुसायला काढले. कुणीतरी घरी येणार आणि पंख्यावर धूळ, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. उशांना धुतलेले अभ्रे चढले, पायपुसणं बदललं गेलं. दहाला दत्तोबा तालीम घ्यायला वर आले. "वैनी, इव्हळा जरा," ते म्हणाले.

"मी खरी आजारी असते तेव्हासुद्धा विव्हळत नाही," सुनीतीताई म्हणाल्या. "आज खोटी आहे तर कशाला विव्हळू? मी पडून राहीन. तोंडाने खोटं बोलणार नाही."

"बोलू नकोस. नुसती पडून राहा," श्यामराव म्हणाले. "कालपर्यंत खरं आणि उद्यापासून खरं. फक्त आजचा दिवस मधे आलाय."

अकराच्या ठोक्याला निरीक्षक आले. बजरंग त्यांचं नाव. तिशीचा, घामाने भिजलेला, हातात फायलींचा गठ्ठा घेतलेला साधा मुलगा. खडकीहून दुचाकीवर आला होता आणि वाटेत तीन ठिकाणी पत्ता विचारून दोन ठिकाणी उपदेश ऐकून आला होता. त्याने आतल्या खोलीच्या दारातून पलंगावरच्या सुनीतीताईंकडे बघितलं, "काकू, पडूनच राहा हां," असं हळू आवाजात सांगितलं आणि बाहेर खुर्चीत बसून लिहू लागला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग श्यामरावांनी विचारलं, "चहा घेणार ना?"

शुश्रूषा करणाऱ्या माणसाला चहा येत असेलच, अशा भरवशावर बजरंग हो म्हणाला. श्यामराव स्वयंपाकघरात गेले. भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग एक डबा उघडल्याचा, मग आणखी चार.

"निळ्या झाकणाचा," पलंगावरून आवाज आला.

"त्यात मीठ आहे!"

"ते आकाशी. निळा त्याच्या मागे."

बजरंगने लिहिणं थांबवून मान वर केली. सुनीतीताईंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. त्याही वासाला त्या पुरून उरल्या. पण श्यामराव ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा ट्रेमध्ये कान तुटलेला कप होता. त्या कपात त्या गेली दोन वर्षं खायचा सोडा ठेवत होत्या.

सुनीतीताई उठल्या. पदर खोचला आणि बाहेर येऊन त्यांनी निरीक्षकाच्या हातातून कप काढून घेतला.

"पिऊ नका ते. पाच मिनिटं बसा. सकाळपासून काही खाल्लंयत?"

"नाही काकू, पण आपण..."

"मग पोहे टाकते."

श्यामरावांनी खुणा केल्या, खोकून पाहिलं, एकदा तर चक्क हात जोडले. काही उपयोग झाला नाही. दहा मिनिटांत ओलं खोबरं घातलेले पोहे आले, लिंबाची फोड आली, वेलची घातलेला चहा आला. बजरंगने दोन बशा खाल्ल्या. जाताना तो वाकून नमस्कार करून गेला.

निकाल पंधरा दिवसांत आला. 'ऐन प्रसंगात सदर रुग्णाने पोहे केले. पोहे उत्तम होते. अर्जदारास मात्र साखर सापडत नाही. सबब शुश्रूषा कोण कोणाची करते याचा बोध होत नाही. अर्ज अमान्य.'

"पोरगा प्रामाणिक आहे," सुनीतीताई म्हणाल्या. "खाल्ल्या पोह्यांची नोंद केली."

श्यामराव मात्र दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नामंजुरीचं त्यांना एवढं नव्हतं. साखर सापडत नाही हे शासनाने लेखी कळवावं, हे त्यांना झोंबलं होतं. शिवाय जूनच्या तिसऱ्या दिवशी दुकानातून परत आल्यावर त्यांना बायकोच्या गालावर पावडर जरा जास्त दिसली. त्यांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. रात्री त्यांनी अपिलाचा कागद लिहायला घेतला.

अपिलाच्या सुनावणीला रुग्णाने जातीने हजर राहायचं होतं. "अशक्त दिस," श्यामराव म्हणाले. सुनीतीताई इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट दुरुस्तीला होती. त्या श्यामरावांच्या पुढे दोन पायऱ्या चढून गेल्या आणि वरती त्यांची वाट बघत उभ्या राहिल्या. हे सुनावणी घेणाऱ्या मोठ्या मॅडमनी आपल्या दारातून बघितलं.

"याच का त्या?" मॅडमनी फाइल उघडत विचारलं. बजरंग शेजारी उभा होता. त्याने जमिनीकडे बघत मान हलवली.

"मेहेंदळे, तुमच्या पत्नी जिना चढतात, पोहे करतात. तुम्ही नक्की काय करता?"

श्यामरावांनी तोंड उघडलं. रात्रभर पाठ केलेलं भाषण त्यांच्याजवळ तयार होतं. तेवढ्यात शेजारून त्यांचा दंड कुणीतरी घट्ट धरला. इतका घट्ट की नखं रुतली. त्यांनी वळून पाहिलं. सुनीतीताईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे एका बाजूला सरकत होते, परत येत होते, पुन्हा सरकत होते.

श्यामरावांनी फाइल सोडून दिली. एकोणीस पानं, दाखले, गजऱ्याचा फोटो, सगळं फरशीवर पसरलं. ते खाली बसले, बायकोला हळूच आडवं केलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. "डोळे मिटू नकोस. माझ्याकडे बघ. नाकाकडे बघ. मोठं आहे, चुकायचं नाही. हां. श्वास घे." एका हाताने त्यांनी मॅडमच्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली ओढली आणि अगदी वेळेवर पुढे धरली. मग खिशातला रुमाल काढून तिचं तोंड पुसलं. आजूबाजूला चाळीस माणसं गोळा झाली होती. त्यांना एकही दिसलं नाही. बजरंग पाणी आणायला धावला.

मॅडम जरा घुटमळत म्हणाल्या, "अहो, पण हे... हे इथे धरता येणार नाही. नियमाप्रमाणे प्रसंग घरी यायला हवा. आणि यांच्या अर्जात बुधवार आहे. आज शुक्रवार."

सुनीतीताईंचे डोळे श्यामरावांच्या नाकावर होते. ते न हलवता, कष्टाने एकेक शब्द काढत त्या म्हणाल्या, "मग थांबते... बुधवारपर्यंत. सतरंजी... असेल ना तुमच्याकडे?"

मॅडमनी फाइल मिटली. नंतर त्यांनी स्वतःची खुर्ची सरकवून जागा करून दिली आणि गर्दीला बाहेर काढलं. बजरंगने फरशीवरचे कागद गोळा केले आणि सर्वांत वरच्या कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. दोन तासांनी त्याने आणि शिपायाने मिळून सुनीतीताईंना खुर्चीत बसवून तिन्ही मजले खाली आणलं, रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला बजावलं.

रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन दिवस तर बोलणं शक्यच नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी उठल्यावरही त्यांनी तो विषय काढला नाही. श्यामराव मनातून धास्तावले होते. जी बाई नवऱ्यालाही आजारी दिसायला तयार नव्हती, तिला आपण चाळीस लोकांसमोर जमिनीवर निजवलं. आता ती आयुष्यात पुन्हा असली गोष्ट कुणाला दिसू देणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. दत्तोबा म्हणाले, "फाइल वर गेलीया, काम झालं समजा." श्यामरावांनी विचारलं, वर म्हणजे कुठे? ते दत्तोबांना माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नसतं.

जुलैच्या एका गुरुवारी सकाळी श्यामराव कामावर निघाले होते. एका पायात बूट चढला होता. दुसऱ्याची नाडी सोडवत होते. आतून हाक आली.

"अहो."

ते थांबले.

"आज जाऊ नका. येतेय बहुतेक."

एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. अर्ज मंजूर झालेला नव्हता, कापलेला पगार परत मिळण्याचं कुठलंही चिन्ह नव्हतं, आणि बुधवारही नव्हता.

"आलो," ते म्हणाले. त्यांनी पायातला बूट काढला, दाराला आतून कडी लावली आणि ते आतल्या खोलीत गेले. बिनपगारी रजा इतक्या आनंदाने त्यांनी आजवर कधी घेतली नव्हती.